बिननावाचं पान

नवऱ्याच्या दहाव्याच्या दुपारी आपल्याला झोप येते आहे, याची शालनला लाज वाटते. घाटावरून येऊन आंघोळी झाल्या, दोन घास पोटात गेले, भेटायला आलेल्या बायका पांगल्या, आणि माजघरात सतरंजीवर जरा पाठ टेकली तर पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. दहा दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. आणि आज, सगळ्या घराने तिच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं त्याच दिवशी, देहाला झोप सुचते आहे.

घर लहानसंच. पुढची खोली रस्त्यावर उघडते म्हणून ते दुकान: 'पोरे टेलर्स, लेडीज स्पेशालिस्ट.' मिरजेतल्या त्या चार गल्ल्यांतल्या बायकांची पोलकी पंचेचाळीस वर्षं तिथेच शिवली गेली. रंगनाथ पोरे, म्हणजे सगळ्यांचे रंगामास्तर, दहा दिवसांपूर्वी तिथेच मशीनवर बसल्या बसल्या गेले. पाय पायट्यावर, कुणाची तरी बाही सुईखाली. आता मशीनवर चादर टाकली आहे. या घराचा रिवाज असा, की माणूस गेलं की तेराव्यापर्यंत सुई धरायची नाही, कापडाला कात्री लावायची नाही. मास्तरांची थोरली बहीण द्वारकाबाई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, यांनी पहिल्याच दिवशी सुया, दोरे, कात्र्या, टेप असं सगळं मास्तरांच्या पंच्यात बांधलं, तीन गाठी मारल्या आणि ते गाठोडं कोनाड्यात देवांच्या मागे ठेवून दिलं. त्या गाठींना अजून कुणी हात लावलेला नाही.

शालन कूस बदलते. डोळे मिटले की समोर तो कावळा येतो.

सकाळी घाटावर त्याने सगळ्यांचा अंत पाहिला. पिंड मांडून झाले, शेजारी मास्तरांच्या आवडीची मिरचीची भजी ठेवली, कपभर कडक चहा ठेवला. कावळे काही कमी नव्हते. एक तर पार दोन हातांवर आला, मान वाकडी करून बघितलं आणि मागे सरला. पाऊण तास झाला. मुलगा सुहास पुढे झाला, "आप्पा, आईला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म. धाकटा दीर एकनाथ हात जोडून म्हणाला, "दादा, दुकान बंद पडू देत न्हाई." तरी नाही. मग गुरुजी शालनकडे वळले. "वहिनी, आता तुम्हीच बोला. काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात."

काय राहिलं आहे, ते शालनला पक्कं ठाऊक होतं. 'तुमच्या त्या पोरीचं मी बघीन' एवढं मनातल्या मनात म्हटलं असतं तरी कावळा पिंडावर झेपावला असता, याची तिला खात्री होती. तिने हात जोडले. तोंड मिटलेलं ठेवलं, आणि मनही. ऊन चढलं, बायकांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. लोकांना वाटलं, बाईला धक्का बसलाय. द्वारकाबाई मात्र तिच्याकडे एकटक बघत होत्या.

आता ही पोरगी कुठली, ते सांगायला हवं.

दुकानात एक मापाची वही असते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. वर नाव, खाली उंची, छाती, कंबर, शोल्डर, बाही, आणि कडेला टाचणीने टोचलेला कापडाचा तुकडा. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचं त्या वहीत पान होतं, एका शालनचंच नव्हतं. मास्तर म्हणायचे, घरच्या बाईचं माप वहीत नसतं, हातात असतं. नव्यानव्याने ती या बोलण्यावर लाजायची. पुढे पुढे त्यावरूनही जळायला लागली. ते मापं घ्यायला लागले, की पडद्याआड उभी राहून ती ऐकायची. कुठल्या बाईशी किती वेळ बोलले, कुणाला 'ताई' म्हणाले आणि कुणाला नुसतंच 'या' म्हणाले, सगळं तिच्या ध्यानात असायचं. मास्तर बिचारे खाली मान घालून खडूने रेघा मारणारे. पण संशयाला काय, बसायला इतकीशी जागा पुरते.

कामाची वाटणी ठरलेली होती. कापणं-शिवणं मास्तरांचं; हुक, काज, बटण आणि तुरपाई शालनची. तिला कात्री लागत नसे, ती दोरा दातानेच तोडायची. मास्तर ओरडायचे, दात झिजतील म्हणून. शालनच्या सुईखालून गेल्याशिवाय त्या दुकानातून एकही कपडा बाहेर पडत नसे, आणि म्हणूनच चोरी उघडी पडली. सुहास तेव्हा नुकता शाळेत जायला लागला होता. एके दिवशी चिंध्यांच्या पोत्यात तिला निळ्या फुलांच्या कापडाचे तुकडे सापडले. तुकड्यांच्या आकारावरून तिने ओळखलं, लहान मुलीचा फ्रॉक कापलेला आहे. चार दिवस तिने वाट बघितली. तो फ्रॉक बटणं लावायला तिच्याकडे आलाच नाही.

मग मास्तर बाजारात गेल्यावर तिने वही उघडली. शेवटून तिसऱ्या पानावर नाव नव्हतं. खाली एकाखाली एक मापं होती, दर सालाचं एक, उंची दर साली वाढत गेलेली, आणि शेजारी दर सालाचा नवा तुकडा. सगळ्यांत खाली निळी फुलं. नऊ वर्षांची मुलगी! शालनने बोटं मोजली. सुहासच्या आधी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, ती स्वतः चार दिवस शुद्धीवर नव्हती. त्यानंतर मास्तर वर्षभर घरात गप्प गप्प असायचे. बाहेरची ही पोर तेव्हाच झाली असणार. सालंसुद्धा बरोबर जुळत होती.

विचारून मोकळी होईल ती शालन कसली! तिने तोंडातून ब्र काढला नाही. पुढच्या वर्षी मास्तर वर्तमानपत्रात पुडकं बांधून निघाले तशी तीही मागच्या दाराने निघाली, आणि त्यांच्याच एस.टी.त मागे बसून तासगावला उतरली. मुलींच्या वसतिगृहाच्या गेटातून तिने सगळं बघितलं. एक गोरीशी बाई हसत बाहेर आली, पुडकं सोडलं, एक मुलगी नवा फ्रॉक घालून गर्रकन फिरली, आणि मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. एवढं पुरे झालं. त्या दिवसापासून शालनचं अंथरूण माजघरात आलं आणि तेहतीस वर्षं माजघरातच राहिलं. बोलणं होतं, पण आमटीत मीठ आहे का, बाईंच्या पोलक्याला चार हुक की पाच, एवढंच.

वही ती दर वर्षी चोरून बघायची. अठराव्या वर्षी पानावर शेवटचं माप पडलं, आणि ते पोलक्याचं होतं. उंची चौदा, छाती एकतीस, कंबर पंचवीस, शोल्डर साडेतेरा. शेजारी लाल रेशमी तुकडा. म्हणजे पोरीचं लग्न लावून दिलं यांनी. ते चार आकडे शालनला तोंडपाठ होते. भांडी घासताना ते तिच्या डोक्यात फिरायचे. चौदा, एकतीस, पंचवीस, साडेतेरा. कुठे असेल ही शेलाटी भवानी, कुणाच्या घरात नांदत असेल?

चौदा, एकतीस, पंचवीस. पुढच्या खोलीत एकनाथ आणि सुहास तेराव्याला कुणाकुणाला बोलवायचं ते ठरवताहेत, त्यांचा आवाज लांब लांब जातो. त्याच्या जागी दुसरा आवाज येतो. खट खट खट खट. शालन ऐकते. मशीनचा आवाज आहे.

सुतकात मशीनवर कोण बसलं? ती उठते. उठताना सतरंजी मागे सोडल्याचं तिला कळत नाही, पण पडदा हाताला लागतो आणि ती दुकानात उभी असते. मशीनवर चादर नाही. मास्तर पाठमोरे बसलेत, कानावर पेन्सिल, केस काळे कुळकुळीत. दाराबाहेर रस्ता असायला हवा, तिथे घाटाच्या पायऱ्या आहेत आणि खाली पाणी.

"सुतक हाय न्हवं?" ती म्हणते. "मशीन कशाला चालवलंय?"

"मला कसलं सुतक? माझंच तर हाय ते." मास्तर मागे वळून हसतात. मेलेल्या माणसाने असं हसावं हे शालनला आवडत नाही.

"सकाळी कुठं होता? ऊन डोक्यावर आलं तरी पत्ता न्हाई तुमचा."

"तिथंच होतो की. दोन हातांवर."

"मग खाल्लं का न्हाई?"

"तू काही बोलली न्हाईस."

शालनच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. "चार लोकांत तिचं नाव घ्यायला पाहिजे होतं व्हय मी?"

"नाव कुठं ठेवलं तिचं," मास्तर म्हणतात, आणि पुन्हा पायटा हाणायला लागतात. खट खट खट. दुकान हादरतं, खिडकीच्या काचा खडखडतात. दुकानातलं बाकडं एस.टी.तलं, चामड्याचं होऊन जातं, फाटलेलं, आतला काथ्या टोचणारं. शालन खिडकीशी बसली आहे, मास्तर तिच्या शेजारी, मांडीवर वर्तमानपत्राचं पुडकं. बाहेर द्राक्षाचे मळे मागे पळताहेत. लग्नानंतर दोघं एका एस.टी.त शेजारी शेजारी कधी बसले होते, हे तिला आठवत नाही.

"काय हाय त्यात?" ती विचारते. तिला ठाऊक आहे, तरी.

"फ्रॉक. निळ्या फुलांचा."

"मला का न्हाई दिला बटणं लावायला?"

"तुझ्यापुढं ठेवला असता तर सांगावं लागलं असतं."

गाडी थांबत नाही, पण ते उतरलेले असतात. वसतिगृहाचं गेट. शालन गेटाबाहेर आहे आणि गेटातही आहे. बाहेरची शालन तिशीतली, हिरवी साडी नेसलेली, गजांना धरून उभी. तिच्या चेहऱ्यावरचा विखार बघून आतल्या शालनला भीती वाटते.

"मी बघितलं होतं तुला," मास्तर म्हणतात.

"मग हाक का मारली न्हाई?"

"मला वाटलं, तुला कळलंय. आदल्या साली वही उलटी ठेवली होतीस तू. म्हटलं, वाचली हिनं. आता पोरीचा फ्रॉक कुणाच्या अंगावर कसा दिसतोय ते बघायला आली. मी तुला बोलावणार होतो, तेवढ्यात पाठ फिरवलीस. म्हटलं, ही मला माफ करणार न्हाई. बरोबरच हाय तिचं."

"कशाबद्दल माफ?"

ते मुलीकडे बोट दाखवतात. निळ्या फ्रॉकमधली मुलगी गर्रकन फिरते आणि थांबते. शालन तिच्या चेहऱ्यात मास्तरांचं नाक शोधते, त्यांची हनुवटी शोधते. काहीच सापडत नाही. सावळी, रुंद कपाळाची, भलत्याच कुणाची तरी पोर. फ्रॉकच्या पाठीला बटणं नाहीत, ती गोरी बाई टाचण्या लावते आहे.

"ही कोण?"

"ही होय? ढालगावकडची कुणाची तरी. आईबाप ऊसतोडीला गेलेले. दर साली निराळी असायची. त्या वयाची जी असंल ती, या इथल्या प्रभाबाई माप कळवायच्या. मी शिवायचो. बटणं त्या लावून घ्यायच्या."

"आणि तुमची कुठली मग?"

मास्तर वसतिगृहाच्या व्हरांड्यात शिरतात. ती मागोमाग जाते. व्हरांडा लांबतच जातो, फिनेलचा वास यायला लागतो, भिंती खालून अर्ध्यापर्यंत हिरव्या होतात. हा वास शालनला ओळखीचा आहे. "मला न्हाई यायचं," ती म्हणते. पण ती आलेली असते.

लोखंडी खाटेवर एक एकवीस वर्षांची बाई निपचित पडली आहे. ओठ पांढरेफटक, हाताला सलाईन. भिंतीशी सासूबाई आहेत, आणि पस्तिशीतल्या द्वारकाबाई, तोंडाला पदर लावलेला. खाटेवरच्या बाईकडे शालन बघत नाही. ती बाजूच्या टेबलाकडे बघते. टेबलावर जुन्या धोतराच्या घडीत एक बाळ आहे. त्याचं पोट वर-खाली होतं आहे.

"जिवंत हाय की हो ही."

"सकाळी दहाला झाली," मास्तर म्हणतात. "संध्याकाळी सातपर्यंत होती."

शालन बोटं मोजते. एकदा मोजून विश्वास बसत नाही म्हणून पुन्हा मोजते. नऊ तास.

"मेलेलंच झालं म्हणून सांगितलं मला."

"तू शुद्धीवर न्हवतीस. तूही राहत न्हाईस म्हणाले. चौथ्या दिवशी डोळे उघडलेस तोवर सगळं उरकलं होतं. आई म्हणाली सांगू नको, अक्का म्हणाली सांगू नको. जिवंत होती आणि एकदाही जवळ दिली न्हाई म्हटलं, तर वेडी होईल पोर. मी बरं म्हटलं. तिथंच चुकलं माझं. मग आज सांगू, उद्या सांगू. सुहास झाला, म्हटलं आता कशाला."

"नऊ तास तुम्ही काय करत होता?"

मास्तर खाली बघतात. "माप घेतलं."

"काय?"

"दुसरं काय येतं मला? टेप खिशात होता. छाती बारा, उंची अठरा. दुकानात गेलो, तुझ्या डोहाळजेवणाच्या साडीतलं हिरवं कापड शिल्लक होतं, त्याचं झबलं शिवलं. पळत आलो. होती अजून. अंगात घालताना माझं बोट धरलं तिनं."

शालनच्या तोंडून हुंदका येत नाही, शिवी येते. जन्मात नवऱ्याला अरे म्हटलं नव्हतं, ती त्याला वाट्टेल ते बोलते. मुठी वळून त्याच्या छातीवर मारते. मूठ शर्टात रुतते, शर्टाच्या आत काही लागत नाही. मास्तर मुकाट्याने मार खातात. भिंतीशी उभ्या दोघी तोंडावरचा पदर काढत नाहीत.

"तुम्ही सांगायचं होतं!"

"तू विचारायचं होतंस."

"काय विचारू? कुणाला ठेवलंय म्हणून विचारू?"

मास्तर तिच्याकडे बघतच राहतात. हा विचार त्यांना मेल्यावरही सुचलेला नसतो. "तुला असं वाटत होतं?" ते हळूच म्हणतात. "तेहतीस वर्षं तुला हे वाटत होतं?"

शालनला एकदम ते आकडे आठवतात, आणि बुडताना हाताला काही लागावं तशी ती त्यांना धरते. "आणि ते शेवटचं? लाल पोलकं? तिथं कुठली हो वसतिगृहातली पोर? चौदा, एकतीस, पंचवीस, साडेतेरा. ते कुणाचं?"

"उभी राहा," मास्तर म्हणतात.

ती दुकानात आरशापुढे उभी आहे. टेप त्यांच्या गळ्यात आहे. ते तिच्या पाठीमागे येतात, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत टेप धरतात. किती वर्षांनी त्यांची बोटं तिच्या मानेला लागताहेत. गार आहेत. "साडेतेरा," ते म्हणतात. टेप छातीभोवती येतो. "एकतीस." आरशातल्या बाईच्या कानांत मोत्याच्या कुड्या आहेत, दंडात अजून भरलेपण नाही, हळदीचा पिवळेपणा नखांत आहे. "पंचवीस."

"अठरा वर्षांची पोर कशी असती, मला काय ठाऊक?" मास्तर टेप गुंडाळतात. "तुझ्यावर गेली असती असं धरलं. हातात एकच माप होतं माझ्या. लग्नाच्या साली घेतलेलं. तेच वहीत लिहिलं."

म्हणजे वहीत पान होतं. सगळ्या बायकांसारखं तिचंही पान होतं, आणि तिने त्याच पानाला आयुष्यभर शिव्याशाप दिले. चार आकड्यांची ती भवानी ती स्वतःच होती. शालन आरशावर हात टेकते. आरसा ओला आहे, तो आरसा नाही, पाणी आहे. पायाखाली घाटाची पायरी आहे.

सकाळचा पिंड अजून तसाच आहे. भजी सुकलेली, चहावर साय धरलेली. मास्तर पिंडाशेजारी बसलेत, आता म्हातारे, ज्या शर्टात गेले त्याच शर्टात. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं आहे.

"कशासाठी थांबला होता सकाळी?" शालन विचारते. आवाज तिचा तिला ऐकू येत नाही. "तिचं कुणी बघावं म्हणून?"

"तिचं आता काय बघायचं राहिलंय? तू एकदा विचारशील म्हणून थांबलो होतो. कोण ती, एवढंच. जाताना तरी विचारशील."

"आता विचारते."

"आता झालं," मास्तर म्हणतात. त्यात राग नाही, आणि त्यामुळेच शालनला ते सोसत नाही. मग ते शर्टाच्या आतून हिरवं काहीतरी काढतात. ओंजळीएवढं झबलं. बारीक टीप, गळ्याला पांढरी गोट. "एक काम राहिलंय बघ यातलं."

झबल्याच्या गळ्याशी काज नाही, बटण नाही. दोन्ही बाजू मोकळ्या.

"हे असंच घातलंत तिला?"

"तुझं काम होतं ते. जागा सोडून ठेवली."

"मार्गशीर्ष होता! उघड्या गळ्यानं घातलीत तिला मातीत?"

"व्हय," मास्तर म्हणतात, आणि पहिल्यांदाच त्यांना रडू फुटतं. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं आहे. शालनच्या हातात सुई आहे. सुई कुठून आली हे ती विचारत नाही, दोरा ओवलेला आहे, पांढरा, दुहेरी. ती पायरीवर बसते, झबलं गुडघ्यावर घेते आणि काज करायला लागते. हात सवयीने चालतात. एक टाका, गाठ, एक टाका, गाठ. मास्तरांच्या कमरेपर्यंत पाणी आलं आहे आणि ते तिच्या हातांकडे बघताहेत. घाई कर, असं ते म्हणत नाहीत. शालनही वर बघत नाही. वर बघितलं तर काज चुकेल. मग बटण, शिंपल्याचं, नखाएवढं. चार वेळा आत, चार वेळा बाहेर, खाली तीन वेढे. ती बटण काजातून घालून बघते. बसतं. गळा मिटतो. दोरा तोडायला ती झबल्यावर वाकते, आणि त्या कापडाला दुधाचा वास येतो, कोमट, नुकता. ती दातांत दोरा धरते आणि तोडते.

"शालन. ए शालन. ऊठ गं, चार वाजले."

द्वारकाबाई चहाची कपबशी घेऊन उभ्या आहेत. माजघरात पिवळं ऊन आलं आहे. पुढच्या खोलीतून एकनाथचा आवाज येतो. शालन उठून बसते. तिला बोलायचं आहे, पण ओठाला काहीतरी चिकटलं आहे.

"काय गं ते दातांत?" द्वारकाबाई खाली वाकतात. "दोरा न्हवं हा?"

शालन बोटांनी तो ओढून काढते. वीतभर पांढरा दोरा, दुहेरी. एक टोक ओलं, दाताने तोडलेलं.

"शालन! सुतकात सुई धरलीस?" द्वारकाबाई गर्रकन कोनाड्याकडे वळतात. गाठोडं देवांच्या मागे तिथेच आहे. त्या कपबशी खाली ठेवतात, जाऊन गाठी चाचपतात. तीनही गाठी त्यांनी मारल्या तशाच आहेत, आणि वर दहा दिवसांची धूळ आहे. त्या परत येतात तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला असतो.

"वन्सं," शालन म्हणते, "ती नऊ तास होती न्हवं?"

द्वारकाबाई उभ्या जागी खाली बसतात. कपबशीला धक्का लागतो, चहा सतरंजीवर पसरतो, दोघींपैकी कुणी तो पुसत नाही.

"कुणी सांगितलं तुला?" द्वारकाबाई विचारतात. "आईच्या माघारी मी आणि रंगा दोघंच होतो ठाऊक असणारे. रंगा दर साली म्हणायचा, अक्का, सांगतो तिला. मीच शपथ घातली होती. आज सकाळीसुद्धा कावळा शिवेना तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं..."

शालनला सगळ्या घरावर ओरडायचं आहे. पण ज्याच्यावर ओरडायचं तो पाण्यात गेला, आणि समोर ही म्हातारी रडते आहे. शालन दोरा डाव्या हाताच्या करंगळीला गुंडाळते. एक वेढा, दोन वेढे, तीन.

"पण सुई कुठून आणलीस गं?" द्वारकाबाई पुन्हा विचारतात. "काय शिवत होतीस?"

"एक बटण राहिलं होतं, वन्सं," शालन म्हणते. "लावून आले."